स्वतःचा डेस्कटॉप संपणार का? नवीन मशीन घ्यावं की क्लाउडवरचं भाड्यानं?

निळीशाई:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे पण नीट वाचून सांगा, माझं रोजचं काम ह्यावर अवलंबून आहे.

मी घरून पुस्तकांची पानं लावायचं आणि मुद्रितशोधनाचं काम करते. टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप आहे, दहा वर्षं झाली, मधे एकदा रॅम वाढवली आणि एसएसडी टाकली, तेवढ्यावर अजून पळतोय. आता विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ह्याच्यावर चढत नाही, प्रोसेसर जुना आहे आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून. मशीन धडधाकट आहे हो, एक दिवस बंद पडलेलं नाही. नवीन जुळवायचं म्हणून रॅमचे भाव बघितले आणि गप्प बसले. सगळी मेमरी एआयच्या डेटासेंटरांकडे चाललीय म्हणतात, आणि डिसेंबर २०२५ मधे मायक्रॉननं तर आपल्यासारख्यांना रॅम आणि एसएसडी विकणारा त्यांचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला, की सुटे भागच मिळेनासे झाले तर उद्या आपण मशीन जुळवणार कशाचं?

भाचा म्हणतो, मावशी, डबा विकत घेऊच नकोस, क्लाउड पीसी घे, दर महिन्याला पैसे भर, पडद्यावर तुझं विंडोज दिसेल, खरं मशीन त्यांच्याकडे, बिघडलं तर ते बघतील. ऐकायला बरं वाटतं, पण गेल्या महिन्यात जे झालं ते डोक्यातून जात नाही म्हणून विचारतेय.

एका पुस्तकाची शेवटची प्रुफं संध्याकाळी पाठवायची होती. दुपारी नेट गेलं. म्हटलं जाऊ दे, फाइल आपल्याकडेच आहे, नेट येईपर्यंत शेवटची चार पानं परत एकदा नजरेखालून घालू. फोल्डर उघडलं, फाइल दिसतेय, नाव तेच, तारीख तीच, डबलक्लिक केलं तर उघडेचना. मग नीट बघितलं तर नावाच्या शेजारी एक बारीकसा ढग. म्हणजे फाइलचं नुसतं नाव माझ्या डिस्कवर आणि फाइल दुसरीकडेच! मी ती कधी क्लाउडवर टाकलीच नव्हती, कुठल्यातरी अपडेटनंतर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही दोन्ही फोल्डर आपोआप तिकडे जोडली गेली होती आणि जागा वाचवायची म्हणून जुन्या फाइली इथून काढून टाकल्या होत्या. मी केलेलं काम, माझ्या टेबलाखालच्या डब्यात, आणि मलाच उघडता येत नाही, हे बघून जे वाटलं ते शब्दात सांगता येत नाहीये. नेट रात्री साडेदहाला आलं. ज्यांचं पुस्तक होतं ते जागे राहिले.

तर प्रश्न असे की हे घरचे डेस्कटॉप खरंच संपवायला निघालेत का? आणि सगळं क्लाउडवर नेलं आणि उद्या पैसे भरणं जमलं नाही, किंवा त्यांनीच सेवा बंद केली तर माझ्या वीस वर्षांच्या फाइलींचं काय? शिवाय माझ्याकडे युनिकोडच्या (म्हणजे मराठी सगळ्या मशीनवर सारखंच दिसतं त्या पद्धतीच्या) आधीचे फॉन्ट आहेत, आणि एक जुनं सॉफ्टवेअर आहे ज्याला डोंगल, म्हणजे यूएसबीत खुपसायची किल्ली, लागतो. ते सगळं कुठे लावू?

हिरवा_पडदा:

निळीशाई ताई, तुमचा तो ढग वाचला आणि मला माझी पहिली नोकरी आठवली. मी टर्मिनलवर काम केलेला माणूस. एका खोलीत अठरा टर्मिनलं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि खरं मशीन दोन मजले खाली, कुलपात. मधेच कधीतरी कर्सर थांबायचा. एकदम अठरा डोकी वर व्हायची, कोणी काही बोलायचं नाही, सगळे दाराकडे बघत बसायचे कारण ऑपरेटर येऊन सांगणार की किती वेळ लागेल. वेळेचा कोटा ठरलेला असायचा, तो संपला की तुमचं काम रांगेत मागे, मग ते कितीही निकडीचं असो.

म्हणजे ही कल्पना नवी नाहीच. एमआयटीत १९६१ मधे सीटीएसएस नावाची टाइम-शेअरिंग सिस्टिम चालवून दाखवली होती, मशीन एक आणि वापरणारे अनेक. त्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी बोलून गेले होते की टेलिफोनसारखंच कॉम्प्युटिंगसुद्धा एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून मिळू शकेल. तेव्हा मशीनच एवढं महाग की वाटून घेण्याशिवाय इलाज नव्हता. मग १९७५ चं अल्टेअर ८८००, १९७७ चं अॅपल टू, १९८१ चा आयबीएम पीसी. पीसी पहिल्यांदा माझ्या टेबलावर आला तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. टर्मिनलपेक्षा हळू होता, पण रात्री अकरा वाजता बटण दाबलं तरी चालू व्हायचा आणि कोणाला विचारावं लागत नव्हतं. ताकद मोठ्या मशीनची जास्त, हे आम्हाला माहीत होतं, तरी लोकांनी पीसी का उचलला ते त्या रांगेत बसलेल्यालाच कळतं.

नव्वदच्या दशकाच्या मधे ओरॅकलच्या लॅरी एलिसननी नेटवर्क कॉम्प्युटर काढायचा घाट घातला होता, डिस्क नाही, सगळं नेटवर्कवरून. चाललं नाही, एकतर नेट तेव्हा हळू आणि पीसी स्वस्त होत चाललेले. मग २००६ मधे अॅमेझॉननं एस३ ही फाइली साठवायची आणि ईसी२ ही मशीन भाड्यानं द्यायची सेवा सुरू केली, २०११ ला बहुतेक काम ब्राउझरमधूनच करणारी क्रोमबुक आली, २०२१ च्या ऑगस्टमधे मायक्रोसॉफ्टनं विंडोज ३६५ आणलं, म्हणजे भाचा सांगतोय तेच. ह्या वेळी नेट वेगवान आहे आणि भाग महाग आहेत, म्हणजे तेव्हाच्या नेमकं उलट. त्यामुळे ह्याही वेळी ते आपटेल असं मी म्हणणार नाही.

संपतील का? माझ्या मते संपणार नाहीत, पण घरोघरी असायचे तसे राहणार नाहीत. मला काळजी वेगळीच आहे. माझी नात हुशार आहे, सगळं फोनवर आणि टॅबवर करते, पण तिला फाइल कुठे सेव्ह झाली हे विचारलं तर तिला तो प्रश्नच कळत नाही. "कुठे म्हणजे? अॅपमधे." वस्तू आपल्याकडे असते आणि ती उचलून दुसरीकडे नेता येते, ही समजच गेली तर पुढे कोणी मागणीही करणार नाही.

सहजसोपं:

थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. माझा लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी प्रवासात चोरीला गेला. त्यात लग्नाचे फोटो, बायकोचा पीएचडीचा प्रबंध, सगळं होतं. सगळं क्लाउडवर होतं म्हणून मित्राच्या मशीनवर लॉगिन केलं आणि तासाभरात प्रबंधाचं शेवटचं वाक्य जिथे सोडलं होतं तिथे ती परत बसली. तेच फक्त डिस्कवर असतं तर चार वर्षं गेली असती. घरची डिस्क पडते, पाणी सांडतं, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर येतं, आणि आपल्यातले किती जण खरोखर नियमानं बॅकअप घेतात हे प्रत्येकानं स्वतःला विचारावं.

वडिलांना मी मुद्दाम क्रोमबुक दिलंय, तीन वर्षं झाली, एकदाही व्हायरस काढायला बसावं लागलं नाही. ताई, तुमच्या बाबतीत चुकलं ते न विचारता चालू झालेलं सेटिंग, आणि त्याबद्दल तुमचा राग रास्तच आहे. पण त्यावरून क्लाउडच वाईट असं नको म्हणायला.

रेखाटन:

सहजसोपं, तुमच्या बायकोचा प्रबंध सुखरूप राहिला हे वाचून खरंच बरं वाटलं. माझं नेमकं उलट झालं ते सांगते, म्हणजे निळीशाईला उपयोग होईल.

मी चित्रं काढते आणि मुलांच्या गोष्टी लिहिते. एका ऑनलाइन सेवेत माझी सगळी लिखाणं होती, सात-आठ वर्षांची. दुसरीकडे जायचं ठरवलं म्हणून त्यांचं सिंक फोल्डर, जे माझ्या मशीनवर दिसत होतं, ते उचलून जसंच्या तसं बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी केलं. २१२ फाइली, आकडा पाठ आहे. कॉपी दोन सेकंदात झाली. तिथेच शंका यायला हवी होती, पण मला वाटलं लिखाणच आहे, किती जागा घेणार. मग खातं बंद केलं. दोन महिन्यांनी एक गोष्ट हवी होती म्हणून डिस्क लावली, फाइल उघडली तर ब्राउझर उघडला आणि "हे डॉक्युमेंट अस्तित्वात नाही". त्या फाइलीचा आकार बघितला तर दोनशे बाइटसुद्धा नाही. नोटपॅडमधे उघडली, आत फक्त एक पत्ता. २१२ च्या २१२ फाइलींमधे फक्त पत्ते. घरांचे पत्ते राहिले आणि घरं गेली. त्यातल्या तीस-पस्तीस गोष्टी मेलमधे कुणाकुणाला पाठवलेल्या सापडल्या. बाकीच्या आठवून लिहायचा प्रयत्न केला पण गोष्ट तशी परत येत नाही.

सॉफ्टवेअरचंही तेच. मी ज्यावर चित्रं करायचे त्या अडोबीनं मे २०१३ मधे सांगितलं की सीएस६ नंतर विकत घ्यायची आवृत्ती नाही, पुढे सगळं वर्गणीवर. वर्गणीत नवीन गोष्टी मिळतात, खोटं कशाला बोलू, पण मधे आजारपणात पाच महिने काम नव्हतं तेव्हा वर्गणी थांबवली आणि माझ्याच चित्रांच्या मूळ फाइली, लेयरसकट, मला नीट उघडता येईनात. फाइल माझी, डिस्क माझी, हात माझा, आणि उघडायची परवानगी मात्र महिन्याच्या हिशोबानं. म्हणून फाइल कुठे आहे एवढंच बघू नका, ती कशानं उघडते तेही बघा.

रात्रपाळी:

मी सर्व्हर सांभाळायचं काम करतो, तेही रात्रीचं, त्यामुळे आतलं थोडं सांगतो. प्रतिसाद मोठा होणार आहे.

पहिलं, इथे तीन वेगवेगळ्या भीती एकत्र झाल्यात. फाइल नष्ट होणं, फाइल असून पोचता न येणं, आणि तुम्हालाच आत न घेणं. तिन्हीचा इलाज वेगवेगळा आहे.

नष्ट होण्याच्या बाबतीत मोठ्या क्लाउडशी घरची एक डिस्क बरोबरी करूच शकत नाही. तिथे एकाच फाइलीच्या प्रती किंवा तुकडे वेगवेगळ्या इमारतींमधे असतात, डिस्क रोज मरतात आणि आम्ही रोज बदलतो, ग्राहकाला कळतही नाही. एस३ तर वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा धरून आखलेलं आहे. पण ते तुम्ही कुठली सेवा घेता त्यावर आहे, सगळीकडे अशा प्रती आपोआप होत नाहीत. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच ह्या क्लाउड कंपनीचं एक डेटासेंटर जळून खाक झालं, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच इमारतीत होता त्यांचा डेटा कायमचा गेला. आम्ही त्या रात्री सगळे जण आपापल्या बॅकअपचे पत्ते परत तपासत बसलो होतो.

पोचता न येणं हे जास्त वेळा होतं. २८ फेब्रुवारी २०१७ ला अॅमेझॉनच्या एका माणसाकडून एक कमांड चुकीची टाइप झाली, थोडे सर्व्हर काढायचे होते ते बरेच निघाले, आणि चारेक तास इंटरनेटचा मोठा भाग अडकला. २० ऑक्टोबर २०२५ ला परत तसंच, उत्तर व्हर्जिनियातल्या त्यांच्या केंद्रात डायनॅमोडीबी ह्या डेटाबेसची डीएनएस नोंद, म्हणजे नावावरून पत्ता शोधायची नोंद, रिकामी झाली. डेटा जागच्या जागी होता, फक्त त्याचा पत्ता कोणाला सापडेना, आणि जगभरातली बँकांची, खेळांची, मेसेजची अॅपं बंद. रेखाटन ताईंकडे पत्ते राहिले आणि घरं गेली, इथे घरं होती आणि पत्ता गेला. मी त्या दिवशी कामावर होतो आणि आमचं त्यात काही नसतानाही सकाळपर्यंत फोन खाली ठेवता आला नाही.

पण लोकल मशीन म्हणजे सुरक्षित असंही धरू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवत बसली, विमानं थांबली, आणि कितीतरी मशीनजवळ माणूस जाऊन उभा राहिल्याशिवाय ती सुरू झाली नाहीत. मशीन आपल्या खोलीत होती पण चावी दुसऱ्याकडे होती.

तिसरी भीती, आत न घेणं, ही मला स्वतःला सगळ्यात खरी वाटते. मे २०२४ मधे ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर ह्या पेन्शन फंडाचं गुगल क्लाउडवरची एक अख्खी खासगी यंत्रणा एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली, दोन ठिकाणी प्रती होत्या त्याही एकदम गेल्या, कारण यंत्रणा एकच. वाचले कसे? त्यांचे बॅकअप त्या यंत्रणेच्या बाहेर वेगळे ठेवलेले होते. एवढ्या मोठ्या फंडाचं असं होतं तर आपल्यासारख्या एकट्या माणसाच्या खात्यावर कुठल्यातरी स्वयंचलित तपासणीत लाल शेरा बसला तर दाद मागायला समोर माणूस मिळेलच असं नाही.

आता क्लाउड पीसी चालतो कसा. तुमच्यासमोर फक्त पडदा, कीबोर्ड, माउस. तुम्ही की दाबली की ती तिकडे जाते, तिकडच्या मशीनवर अक्षर उमटतं आणि त्या पडद्याचं चित्र व्हिडिओसारखं दाबून परत येतं. फायबरमधे प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर १,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन यायलाच १० मिलिसेकंद, त्यात वाटेतले राउटर आणि चित्र दाबणं-उलगडणं धरा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे एक-दोन फ्रेमचा उशीर धरूनच चाला. प्रुफं वाचायला कळणार नाही. पानात चित्राची चौकट केसभर सरकवायची असेल तर हाताला कळेल, आणि नेट डळमळलं तर अक्षरांच्या कडा पुसट होतात, जे मुद्रितशोधनाला अजिबात चालणार नाही. अनुस्वार आहे की पडद्यावरचा ठिपका आहे हे कळलं पाहिजे ना.

आणि बाहेर पडायचा हिशोब आधीच करा. अपलोड २० एमबीपीएस असेल तर १ टीबी वर चढवायला न थांबता साडेचार दिवसांच्या वर लागतात. उतरवायला १०० एमबीपीएसनं जवळजवळ एक अख्खा दिवस. सेवा बंद होतेय अशी मेल आल्यावर हे सुरू करायचं म्हटलं तर धावपळ होते.

डोंगलचं, काही क्लाउड पीसी यूएसबी पुढे पाठवू देतात पण जुन्या डोंगलवर भरवसा नको. ते सॉफ्टवेअर खऱ्या मशीनवरच राहू द्या.

कुलूपकिल्ली:

रात्रपाळी यांना अनुमोदन, फक्त एक राहिलं. कोण वाचू शकतं? क्लाउडवर ठेवलेल्या फाइलीची किल्ली बहुतेक वेळा सेवा देणाऱ्याकडेच असते. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड अॅक्टनुसार तिथल्या कंपन्यांना, सर्व्हर परदेशात असला तरी, कायदेशीर आदेश आला की डेटा द्यावा लागतो. किल्ली तुमच्याकडेच असेल अशी सोय काही ठिकाणी मिळते, पण तीही कायम राहीलच असं नाही. ब्रिटनमधे सरकारनं मागणी केल्यावर फेब्रुवारी २०२५ मधे अॅपलनं आयक्लाउडची ती जास्तीच्या सुरक्षेची सोय तिथल्या लोकांसाठी काढून घेतली. त्यामुळे दुसऱ्याचं अप्रकाशित पुस्तक तुमच्याकडे विश्वासानं दिलेलं असतं तेव्हा ते वर चढवण्याआधी स्वतः कुलूप लावा. त्यासाठी क्रिप्टोमेटर किंवा व्हेराक्रिप्ट ही सॉफ्टवेअर आहेत, डेस्कटॉपवर दोन्ही फुकट. पासवर्ड मात्र कागदावर लिहून ठेवा, तो हरवला तर कोणीच उघडू शकत नाही.

आणि विकत घेतलेलं परत काढून घेतल्याची उदाहरणंही आहेत. २००९ च्या जुलैमधे किंडल ह्या ई-बुक वाचायच्या यंत्रावर लोकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तकं अॅमेझॉननं हक्कांच्या वादामुळे दूरवरून पुसली होती, पैसे परत दिले पण पुस्तक गेलं, आणि एका विद्यार्थ्याच्या तर त्यावरच्या नोंदीही निकामी झाल्या. गुगलचं स्टेडिया, म्हणजे नेटवरून खेळ खेळायची सेवा, १८ जानेवारी २०२३ ला बंद झालं, तिथेही पैसे मिळाले, खेळ गेले.

सहजसोपं:

युनिसुपरचं मला माहीत नव्हतं. बायकोचा प्रबंध अजून एकाच खात्यात आहे, हे वाचून उठलो आणि आधी तो पेनड्राइव्हवर घेतला, मग हे लिहायला बसलो.

निळीशाई:

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. रेखाटन, तुझ्या २१२ फाइलींचं वाचून डोळ्यात पाणी आलं ग, मी पण लगेच माझ्या फाइलींचे आकार तपासले. काका, तुमच्या नातीचं अगदी खरंय.

आता मला असं विचारायचंय की मी क्लाउड पीसी घेत नाही असं समजा, आणि नवीन मशीनही वर्षभर परवडणार नाही. ह्या जुन्या डब्यावर काय काय करू म्हणजे निदान परत तसा दिवस येणार नाही?

रात्रपाळी:

ताई, तुमच्या कामाला जुना डबा पुरेसा आहे, त्याला टाकू नका.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्ट घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जास्तीचे सिक्युरिटी अपडेट देतंय, त्यासाठी नाव नोंदवा, सेटिंग्जमधे अपडेटच्या पानावरच सापडेल. त्यानंतर दोन रस्ते. एक म्हणजे रोजचं काम, मेल, ब्राउझर लिनक्स ह्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर न्या, त्यातला मिंट हा प्रकार तुम्हाला सोपा जाईल, लिबरऑफिस त्यात येतंच. डोंगलवालं सॉफ्टवेअर आणि जुने फॉन्ट त्याच विंडोजवर वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि ते सुरू असताना नेटची वायर काढून ठेवा. नेटच नसलेल्या मशीनला सपोर्ट संपल्याचा त्रास फार कमी होतो. दुसरा रस्ता म्हणजे कंपन्यांनी बदलून टाकलेलं दोन-तीन वर्षं जुनं मशीन घेणं, त्यात टीपीएम असतं.

आता फाइली. त्या ढगवाल्या फोल्डरवर राइट क्लिक करून "नेहमी ह्या डिव्हाइसवर ठेवा" निवडा, आणि सगळ्या फाइलींवर हिरवी भरीव खूण येईपर्यंत मशीन चालू ठेवा. ते झाल्यावर मगच जोडणी तोडा, आधी तोडलीत तर न उतरलेल्या फाइली वरच राहतील. तोडल्यावर परत एकदा मोजा. सिंक म्हणजे बॅकअप असं मात्र समजू नका, सिंकमधे तुम्ही इकडे चुकून पुसलंत की तिकडेही पुसलं जातं. रिसायकल बिनमधे थोडे दिवस राहतं, पण चूक लक्षात यायला कधीकधी वर्ष लागतं.

फोटोग्राफर लोकांकडून आलेला ३-२-१ हा नियम मी घरीही पाळतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर खुशाल ठेवा, कुलूपकिल्ली म्हणाले तसं कुलूप लावून. क्लाउड त्या कामाला फार चांगला आहे. बाहेरची हार्डडिस्क बॅकअप झाला की काढून ठेवा, लावलेलीच असेल तर रॅन्समवेअर तिच्यावरही जातं. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला एसएसडी किंवा पेनड्राइव्ह नको, वीज न मिळता पडून राहिल्यावर त्यातला डेटा हळूहळू जाऊ शकतो, फिरत्या तबकडीची हार्डडिस्क घ्या आणि तीही सहा महिन्यांनी एकदा लावून बघा.

आणि प्रत्येक पूर्ण झालेल्या पुस्तकाची पीडीएफ, फॉन्ट आत घालून, आणि मजकुराची एक साधी युनिकोड प्रत वेगळी काढून ठेवा. वीस वर्षांनी ते पान लावायचं सॉफ्टवेअर असेल की नाही कोणी सांगू शकत नाही, पण साधा मजकूर उघडेल.

हिरवा_पडदा:

रात्रपाळी, उत्तम लिहिलंत. एकच भर. ताई, बॅकअप घेतला असं म्हणायच्या आधी तो उघडून बघा. आमच्याकडे दर शुक्रवारी टेपवर बॅकअप व्हायचा, डबे ओळीनं लावलेले, वर तारखा लिहिलेल्या. एकदा खरंच लागला तेव्हा कळलं की सात महिन्यांच्या टेप कोऱ्या होत्या, ड्राइव्हचं हेडच बिघडलेलं आणि लॉगमधे मात्र "यशस्वी". तेव्हापासून मी एक फाइल कुठलीही निवडून उघडून बघतो, मगच झोपतो.

रेखाटन:

निळीशाई, तुझे जुने फॉन्ट आधी वाचव ग. फॉन्ट गेला तर फाइल उघडूनही आत नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतील. फॉन्टच्या फाइली वेगळ्या फोल्डरमधे घाल, आणि कुठल्या पुस्तकाला कुठला फॉन्ट वापरलाय ते एका कागदावर लिही.

निळीशाई:

गेले चार दिवस हेच करतेय. सगळं खाली उतरवून घेतलं, एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची दुपार गेली. ढग गेले, हिरव्या खुणा आल्या, मग जोडणी तोडली. फॉन्ट वेगळे काढले, एकोणचाळीस निघाले. बहीण दुसऱ्या गावी असते, एक डिस्क तिच्या कपाटात जाणार.

आज काकांचं ऐकून नेटची वायर काढली, बाहेरची डिस्क लावली आणि जुन्यात जुन्या पुस्तकापासून एकेक फाइल उघडत गेले. पहिलंच लावलेलं पुस्तक उघडलं, पान ४७ वर मी तेव्हा सोडलेली ऱ्हस्व-दीर्घाची चूक अजून तिथेच होती, आणि ती बघून मला इतका आनंद झाला की मोठ्यानं हसले. एकूण चौसष्ट पुस्तकं. एकसष्ट नीट उघडली. तीन पुस्तकांमधे रेखाटन म्हणाली तशी नुसती इंग्रजी अक्षरं दिसतायत, म्हणजे त्यांचा फॉन्ट ह्या एकोणचाळीसात नाही. फाइलमधे फॉन्टचं नाव दिसतंय. ज्या मैत्रिणीबरोबर मी ते काम केलं होतं तिच्या माळ्यावर जुना सीपीयू अजून आहे म्हणाली, रविवारी जाऊन त्याची डिस्क काढून आणते.